वीस वर्षांचा वाद्यवृंद आणि खुर्च्यांचा हिशोब

मुंबईत नरिमन पॉइंटच्या टोकाशी, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर, 'नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स' ही संस्था उभी आहे. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने १९६९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने २००६ साली एक धाडस केले. 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' या नावाचा व्यावसायिक पाश्चात्त्य वाद्यवृंद तिने उभा केला. त्या वाद्यवृंदाला २०२६ मध्ये वीस वर्षे होत आहेत. व्हिएन्नाचा फिलहार्मोनिक वाद्यवृंद १८४२ सालचा आणि बर्लिनचा १८८२ सालचा. त्यांच्या मानाने वीस वर्षे म्हणजे बाल्यच. तथापि ज्या देशात या संगीताला राजाश्रय नाही आणि लोकाश्रयही चार-दोन शहरांपुरताच आहे, त्या देशात असा वाद्यवृंद वीस वर्षे टिकून राहतो, ही दखल घेण्याजोगी घटना आहे.

अशा प्रसंगी अभिनंदनाची भाषणे होतात. परदेश दौऱ्यांची यादी वाचली जाते, नामवंत पाहुण्या कलावंतांचे स्मरण होते. ते सारे यथोचितच आहे. परंतु कोणत्याही संस्थेचा वर्धापन हा हिशोब मांडण्याचाही प्रसंग असतो. वाद्यवृंदाच्या बाबतीत हा हिशोब मांडण्याची एक अगदी सोपी रीत आहे. पडदा वर गेल्यावर मंचावरील खुर्च्यांकडे पाहावे आणि त्या खुर्च्यांवर कोण बसले आहे, ते कोठून आले आणि त्यांच्यानंतर तेथे कोण बसणार आहे, असे तीन प्रश्न विचारावेत.

शंभर खुर्च्यांची यंत्रणा

पूर्ण आकाराच्या सिंफनी वाद्यवृंदात साधारणतः नव्वद ते शंभर वादक असतात. त्यांपैकी साठ-एक वादक तंतुवाद्यांचे असतात. व्हायोलिनवादकांचे दोन गट, त्यांच्यामागे व्हायोला, चेलो आणि डबल बास. त्यांच्या पाठीशी फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बासून ही सुषिर वाद्ये, फ्रेंच हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये आणि सर्वांत मागे टिंपनी व इतर तालवाद्ये. भारतीय मैफलीत एक कलावंत केंद्रस्थानी असतो आणि साथीदार त्याच्या प्रतिभेला अनुसरतात. येथे प्रत्येकाने कागदावर लिहिलेला आपापला स्वर नेमक्या क्षणी, नेमक्या जोराने वाजवायचा असतो. दिंडीत शंभर टाळ एका ठेक्यावर पडतात, तशी ही शिस्त आहे. फरक इतकाच की, येथे प्रत्येक टाळकऱ्याच्या हाती वेगळा ठेका दिलेला असतो आणि तरीही सर्वांचा मेळ एकच व्हावा लागतो.

अशा यंत्रणेतील एक खुर्ची भरण्यास किती काळ लागतो? व्हायोलिन हाती धरण्याचे वय सहा-सात वर्षांचे. तेथून रोजच्या रियाजाने पुढे गेलेला मुलगा विसाव्या-बाविसाव्या वर्षी वाद्यवृंदात बसण्यास पात्र ठरतो. ही झाली त्यातल्या त्यात सुलभ वाद्याची गोष्ट. कारण व्हायोलिनचा शिक्षक मुंबई-पुण्यात शोधला तर सापडतो. ओबो, बासून किंवा फ्रेंच हॉर्न शिकू पाहणाऱ्या मुलाने कोणाकडे जावे? वाद्यवृंद स्वर जुळवितो तो ओबोच्या स्वरावरून. म्हणजे ज्या वाद्यावर साऱ्यांची भिस्त, त्याचाच गुरू दुर्मीळ. त्यात हे वाद्य नाजूक. त्याची पाती बोरूच्या जातीच्या काडीपासून तासून तयार करावी लागतात आणि व्यावसायिक ओबोवादक बहुधा ती स्वतःच तासतो. मुंबईच्या दमट हवेत लाकडी वाद्ये फुगतात, स्वर हलतात. विद्या, गुरू, वाद्य आणि हवामान या चारही अंगांनी प्रतिकूलता असताना वाद्यवृंद उभा करावयाचा होता.

संस्थेने यावर जो उपाय योजला, तो वस्तुस्थितीला धरून होता. संस्थेचे अध्यक्ष खुशरू सनटूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांना पाचारण केले आणि त्यांच्याकडे वाद्यवृंदाची संगीतविषयक धुरा सोपविली. वाद्यवृंदाचा एक गाभा वर्षभर मुंबईत राहू लागला. प्रमुख हंगामांसाठी उरलेले वादक कझाकस्तानातून आणि इतर देशांतून येऊ लागले. भारतीय वादक त्यात होते, परंतु थोडे. 'ऑफ इंडिया' असे नाव मिरविणाऱ्या वाद्यवृंदात भारतीय किती, असा टोमणा पहिल्या दिवसापासून मारला गेला. टोमणा खोटा नव्हता, पण तो पुरता न्याय्यही नव्हता. जी विद्या देशात पुरेशी शिल्लक राहिली नव्हती, ती आणावी लागणार हे उघड होते. खरा प्रश्न, आणलेले रोप या मातीत मूळ धरणार की दरवर्षी नव्याने आणावे लागणार, हा आहे.

मुंबईचा विसरलेला वारसा

देशात ही विद्या पुरेशी शिल्लक राहिली नव्हती, असे म्हणताना 'शिल्लक' या शब्दावर जोर द्यावयास हवा. कारण मुंबईत ती एके काळी होती. १९३५ साली मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापन केला होता. त्यात हौशी पारशी वादक होते, शहरात वास्तव्य करणारे युरोपीय होते, नौदलाच्या बँडमधून येणारे पितळी वाद्यांचे वादक होते आणि उपजीविकेसाठी मुंबईत आलेले गोमंतकीय वादक होते. त्याच सुमारास हिटलरच्या छायेतून निसटलेले वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार मुंबईस आले आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. पहाटे रेडिओ लावताच जी संकेतधून महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आली, ती या कॉफमन यांची रचना. शिवरंजनीच्या सुरांची ती धून ऐकताना आपण एका निर्वासित युरोपीय संगीतकाराने बांधलेली रचना ऐकत आहोत, याची जाणीव किती श्रोत्यांना असेल?

मेहली मेहता पुढे अधिक शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. परत आले, पण मुंबईत त्यांच्या कर्तृत्वाला पुरेसा वाव राहिला नाही. ते इंग्लंडला गेले, मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात वाजवू लागले आणि अखेर अमेरिकेत स्थायिक झाले. लॉस एंजेलिस येथे १९६४ साली त्यांनी 'अमेरिकन यूथ सिंफनी' हा तरुणांचा वाद्यवृंद स्थापन केला आणि १९९८ पर्यंत तो चालविला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला शिकावयास गेले. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायल येथील फिलहार्मोनिक वाद्यवृंदांची धुरा त्यांनी पुढे वाहिली. झुबिन मेहता यांच्या कीर्तीचा अभिमान मुंबईकर बाळगतात, तो बाळगावाच. पण त्या अभिमानात एक बोचही असावयास हवी. तीन दशकांहून अधिक काळ तरुण वादक घडविण्याचे जे काम मेहली मेहता यांनी परक्या शहरात केले, ते स्वतःच्या शहरात त्यांना करता आले असते, तर २००६ साली मुंबईच्या मंचावरील खुर्च्या भरण्यासाठी इतक्या दूर जावे लागले असते काय?

उपजीविका गेली, विद्या गेली

मुंबईतील या वारशाचा दुसरा धागा अधिक जवळचा आहे. किंबहुना ज्याने कधी सिंफनी ऐकली नाही, त्याच्याही कानांवरून तो गेलेला आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळत असे. प्रार्थनेच्या वेळी गायन-वादन हवे, एवढाच त्यामागील हेतू. परंतु गावोगावच्या या साध्या शाळांनी पश्चिमी संगीत वाचू शकणाऱ्या वादकांच्या पिढ्या तयार केल्या. हे वादक पोटासाठी मुंबईस आले. हॉटेलांत, नृत्यगृहांत, मूकपटांच्या थिएटरांत वाजवू लागले आणि चित्रपट बोलू लागल्यावर ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत शिरले.

हिंदी चित्रपटसंगीताचा ज्याला सुवर्णकाळ म्हटले जाते, तो या वादकांच्या खांद्यावर उभा होता. संगीतकाराने चाल बांधावी आणि तिच्याभोवती व्हायोलिनांचा पडदा, चेलोची खर्जातील हालचाल, ट्रम्पेटची ललकारी यांची मांडणी अरेंजरने करावी, अशी पद्धत रूढ झाली. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोमंतकीयच. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हेही त्याच मातीतले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. शिष्याने गुरूची आठवण अशी ठेवली की, १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका नायकालाच ते नाव मिळाले. या गोन्साल्विस यांनी भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी १९५८ साली 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो प्रयोग टिकला नाही आणि साठच्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेस गेले.

याच वादकांपैकी कित्येक जण दिवसा स्टुडिओत चित्रपटगीत वाजवीत आणि सायंकाळी बेथोव्हनच्या तालमीस जात. म्हणजे चित्रपटसृष्टीच त्या काळी मुंबईच्या सिंफनीची अप्रत्यक्ष आश्रयदाती होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे चित्र पालटले. सिंथेसायझर आला आणि एक माणूस एका कळफलकावर चाळीस व्हायोलिनांचा भास निर्माण करू लागला. ध्वनिमुद्रणाच्या नव्या तंत्रामुळे सर्व वादकांनी एकत्र बसून वाजविण्याची निकडच उरली नाही. स्टुडिओतील खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. वडिलांनी मुलाच्या हाती व्हायोलिन देण्याचे थांबविले, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते चुकलेही नाहीत. वाजविणाऱ्याला जहाजावरील किंवा हॉटेलातील नोकरी हाच आधार राहिला. अशा रीतीने एक संपूर्ण व्यवसाय, कोणी मोर्चा न काढता आणि कोठे अग्रलेख न येता, हळूहळू ओसरला. कला शौकावर जगते असे म्हणण्याची प्रथा आहे. मुंबईचा हा अनुभव सांगतो की, शंभर माणसांची कला पगारावर जगते. पगार थांबला की दोन पिढ्यांत ती विद्या नाहीशी होते.

शांघाय आणि टोकिओ

बाहेरून आणलेला वाद्यवृंद स्थानिकांचा होऊ शकतो काय? याचे उत्तर आशियातच सापडते. शांघायचा सिंफनी वाद्यवृंद आपली सुरुवात १८७९ सालच्या नगरपालिकेच्या बँडपासून मानतो. परकीयांच्या वसाहतीने, परकीयांच्या करमणुकीसाठी, परकीय वादकांकरवी चालविलेली ती संस्था होती. १९१९ साली मारियो पाची हे इटालियन संगीतकार तिच्या प्रमुखपदी आले आणि तिचा दर्जा उंचावला; पण अनेक वर्षे तिच्यात चिनी वादक असा नव्हताच. १९२७ साली पहिला चिनी व्हायोलिनवादक तिच्यात बसला. योगायोग असा की, त्याच वर्षी शांघायमध्ये चीनची राष्ट्रीय संगीत शिक्षणसंस्था स्थापन झाली आणि वाद्यवृंदातील परदेशी वादक तेथे चिनी मुलांना शिकवू लागले. रात्री जो वादक मंचावर वाजवीत असे, तोच दिवसा वर्गात शिकवीत असे. पुढे युद्ध आले, राज्यक्रांती झाली आणि परदेशी वादक निघून गेले, तेव्हा त्यांच्या खुर्च्यांवर बसण्यास चिनी शिष्य तयार होते. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हे संगीत आणि त्याचे शिक्षक यांचा अनन्वित छळ झाला. तरीही मुळे इतकी खोल गेली होती की, वादळ ओसरल्यावर झाड पुन्हा फुटले.

टोकिओचे उदाहरण वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचते. जपानने १८७९ साली संगीतशिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारी समिती नेमली आणि प्राथमिक शाळांतून नव्या पद्धतीचे संगीत शिकविण्याचा पाया घातला. १८८७ साली टोकिओ संगीत विद्यालय निघाले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९२६ साली, आज एन. एच. के. सिंफनी म्हणून ओळखला जाणारा वाद्यवृंद स्थापन झाला. त्या वाद्यवृंदालाही २०२६ सालीच शंभर वर्षे होत आहेत. म्हणजे एकाच वर्षी मुंबईत विशी आणि टोकिओत शताब्दी. पण अंतर केवळ ऐंशी वर्षांचे नाही. जपानने आधी शाळा काढली, मग विद्यालय आणि त्यानंतर वाद्यवृंद. मुंबईने आधी वाद्यवृंद उभारला आणि शाळा नंतर काढली.

ही शाळा निघाली ती २०१२ साली. वाद्यवृंदातील निवासी वादकांनी लहान मुलांना शिकवावे, केवळ वाद्यवादनच नव्हे तर स्वर वाचणे, ऐकून ओळखणे आणि गाऊन दाखविणे यांचेही शास्त्रशुद्ध शिक्षण रशियन पद्धतीने द्यावे, अशी ही योजना. शांघायच्या अनुभवाशी तिचे नाते उघड आहे. सहा वर्षांचा उशीर झाला, पण दिशा बरोबर धरली गेली. २०१२ साली वयाच्या सातव्या वर्षी ज्या मुलाने तेथे व्हायोलिन हाती घेतले, तो २०२६ साली एकवीस वर्षांचा होतो. वाद्यवृंदाचा विसावा हंगाम महत्त्वाचा आहे तो यासाठी. पहिल्या पेरणीचे पीक कापणीस येण्याची हीच वेळ. त्या मुलांपैकी किती जण वाजवीत राहिले, किती जण अभियांत्रिकीच्या वा वाणिज्याच्या परीक्षेआधी वाद्य माळ्यावर टाकून मोकळे झाले, यावर पुढच्या वीस वर्षांचे भवितव्य ठरणार आहे.

आपल्याच घरातील उदाहरण

यासाठी शांघाय-टोकिओपर्यंतही जावयास नको. महाराष्ट्राने हे काम आपल्या संगीतासाठी एकदा करून दाखविलेले आहे. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा रागसंगीत हे दरबारांत, घराण्यांत आणि कोठ्यांवर अडकलेले होते. प्रतिष्ठित घरातील मुलाने गाणे शिकणे हे कुलीनपणाला बट्टा लावणारे मानले जाई. पलुसकरांनी अभ्यासक्रम आखला, स्वरलिपी तयार केली, परीक्षा घेतल्या, शिष्यांना शिक्षक म्हणून गावोगाव पाठविले. १९०८ साली विद्यालय मुंबईत आले. १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि त्या मंडळाच्या परीक्षा आजही तालुक्याच्या गावांतील मुले-मुली देत असतात. विष्णु नारायण भातखंडे यांनी याच ध्यासाने हजारो बंदिशी जमा केल्या आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले.

या शाळांतून अलौकिक गवई किती निघाले, असा प्रश्न उपहासाने विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, त्यांतून श्रोते निघाले, शिक्षक निघाले, हार्मोनियमवर सूर धरू शकणारे कारकून आणि भजनाला ठेका देऊ शकणारे शाळामास्तर निघाले. या व्यापक पायामुळेच वर शिखरे उभी राहिली. ज्या समाजात दहा हजार माणसांनी कधी तरी तबल्यावर हात ठेवलेला असतो, त्या समाजात एक तबलजी जगू शकतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी आपल्याकडे नेमका हा मधला थर नाही. वर नरिमन पॉइंटचे वातानुकूलित सभागृह आहे. खाली, फार झाले तर, नाताळात गाणारा चर्चचा गायनवृंद आहे. मधली शाळा, मधला शिक्षक आणि मधला हौशी वादक हे तिन्ही फारच विरळ आहेत.

परके कोणते, आपले कोणते?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. ज्या राज्यात शाहिरांची, तमाशा कलावंतांची आणि लोकवाद्ये वाजविणाऱ्यांची आबाळ होते, तेथे या परक्या, खर्चिक आणि मूठभर धनिकांच्या संगीताची चिंता कोणी का वाहावी? या आक्षेपातील पहिला अर्धा भाग सर्वस्वी खरा आहे. लोककलावंतांची उपेक्षा ही लाजिरवाणी बाब आहे. परंतु एकाची उपेक्षा थांबविण्यासाठी दुसऱ्याची उपेक्षा करावी लागते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. एखाद्या उद्योगसमूहाने सिंफनीवर खर्च केला नाही, तर तोच पैसा संबळवादकाच्या घरी जाईल, अशी आशा कोणी बाळगू नये.

परकेपणाविषयी तर इतिहासच बोलतो. हार्मोनियम परकी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिच्यावर बंदी घातली; तरी महाराष्ट्रातील कीर्तन, भजन आणि नाट्यसंगीत तिच्यावाचून क्षणभर अडले नाही, कारण त्या सर्वांनी तिला केव्हाच घरात घेतले होते. बालगंधर्वांच्या रंगभूमीवर ऑर्गन घुमत होता. व्हायोलिन दक्षिणेत कर्नाटक संगीताचे अविभाज्य अंग बनले आणि उत्तरेत वि. गो. जोग यांच्यासारख्या मराठी कलावंताने त्यावर ख्याल वाजविला. वाद्य कोणत्या देशात जन्मले यापेक्षा ते कोणाच्या हातात गेले, यावर त्याचे नागरिकत्व ठरते. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी 'पेशकार' ही रचना करवून घेतली. २०१५ साली ती मुंबईत सादर झाली आणि पुढे २०१६ च्या स्वित्झर्लंड दौऱ्यात व २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात तेथील श्रोत्यांनीही ती ऐकली. झाकीर हुसेन २०२४ च्या डिसेंबरात निवर्तले. त्यांची ही रचना म्हणजे या वाद्यवृंदाची, दुसऱ्या कोणत्याही देशाच्या वाद्यवृंदाला सहजी न साधणारी, अशी कमाई आहे. मुंबईच्या वाद्यवृंदाने केवळ व्हिएन्नाचेच वाजवायचे, तर व्हिएन्नाचा वाद्यवृंद आहेच. त्याचे स्वतंत्र प्रयोजन अशा रचनांतच सापडेल.

धनिकांचे संगीत या आरोपाचे उत्तर मात्र वाद्यवृंदानेच द्यावयाचे आहे. सभागृहाचे भौगोलिक स्थान मुंबईच्या दक्षिण टोकाला. डोंबिवलीच्या शिक्षकाने किंवा वसईच्या विद्यार्थ्याने सायंकाळचा कार्यक्रम ऐकून शेवटची गाडी गाठावी, ही अपेक्षा फार दिवस पुरणारी नाही. वसईचे उदाहरण तर मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. मराठीच्या बोली बोलणारा तेथील ख्रिस्ती समाज चर्चमधील गायनाची आणि लग्नाच्या मिरवणुकीतील बँडची परंपरा आजही सांभाळून आहे. गावोगावचे बँडवाले, पोलिसांचे बँड, गोव्यात उरलेले जुने वादक, पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकणारे तरुण, हे सर्व विखुरलेले भांडवल आहे. ज्या मुलाने लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट फुंकले, त्याला स्वर वाचण्यास शिकविले, तर मंचावरील एका खुर्चीचा उमेदवार त्याच्यात मिळणार नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे?

पुढील दहा वर्षे

त्या दृष्टीने पुढील दहा वर्षांत काही गोष्टी घडणे अगत्याचे आहे. एक, शिक्षणाची शाखा नरिमन पॉइंटपुरती न राहता उपनगरांत, पुण्यात आणि गोव्यात पसरली पाहिजे; आणि फी भरू न शकणाऱ्या मुलाला वाद्य उसने देण्याची सोय तेथे असली पाहिजे. दोन, ओबो, बासून, हॉर्न यांसारख्या दुर्मीळ वाद्यांसाठी निवडक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठविले पाहिजे. मात्र परत आल्यावर त्यांची जागा निश्चित असली पाहिजे. मेहली मेहता परत आले होते, तेव्हा ती जागा नव्हती, हे विसरता कामा नये. तीन, वाद्यवृंदाच्या खुर्चीला स्थैर्य हवे. वर्षातून काही आठवडे मिळणाऱ्या मानधनावर कोणी सुज्ञ बाप आपल्या मुलीचे आयुष्य बेतणार नाही. आणि चौथी गोष्ट शासनाच्या हाती आहे. शाळांच्या वेळापत्रकात संगीताचा तास असतो, पण तो बहुधा गणिताला दान दिलेला असतो. तो तास खऱ्या अर्थाने संगीताला परत मिळाला, तर सिंफनीचेच नव्हे, साऱ्या संगीताचे कल्याण होईल.

या चारही गोष्टींना पैसा लागेल, पण त्याहून अधिक चिकाटी लागेल. सभागृह दोन वर्षांत बांधता येते. जमशेद भाभा नाट्यगृह १९९७ साली उद्घाटनापूर्वीच आगीत जळाले आणि १९९९ साली पुन्हा उभे राहून खुले झाले. वादक मात्र दोन वर्षांत घडत नाही. त्याला पंधरा वर्षे द्यावीच लागतात आणि त्या पंधरा वर्षांत टाळ्या मिळत नाहीत. सात वर्षांच्या मुलीची कर्कश स्वरपंक्ती रोज ऐकून घेणारे शेजारी, दर शनिवारी तिला लोकलने शिकवणीस नेणारी आई आणि त्याच त्या चुका हजारदा सुधारणारा शिक्षक, यांची नावे कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत छापली जात नाहीत. वाद्यवृंद खरे तर यांच्या भरवशावर उभा असतो.

विसाव्या वर्षाचा समारंभ थाटात व्हावा. ज्यांनी दूर देशाहून येऊन हे रोप येथे लावले, त्या पाहुण्या वादकांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करावे. आलेल्या पाहुण्याला परका म्हणून हिणवणे हे कोणत्याही संगीताला शोभत नाही. परंतु तिसाव्या वर्षी पडदा वर जाईल, तेव्हा त्या खुर्च्यांवर मुंबईची, वसईची, पुण्याची, मडगावची मुले-मुली किती दिसतात, हे मोजले जाईल. ती संख्या आजच्याहून स्पष्टपणे मोठी असेल, तर या वीस वर्षांचा खर्च सत्कारणी लागला असे निःशंक म्हणता येईल. ती तेवढीच राहिली, तर १९३५ साली सुरू झालेली आणि मध्येच खंडित झालेली तीच कथा मुंबईने पुन्हा एकदा, अधिक खर्च करून, तेथेच आणून सोडली, असे म्हणावे लागेल.